हौशी खेळाडूची सुधारणा : गोल्फमधील सरावाचा प्रश्न आणि पेण–रोह्याचे कबड्डीचे मैदान

१. प्रश्नाचे स्वरूप

'हौशी' हे विशेषण मराठीत नाटक आणि खेळ या दोन क्षेत्रांत विशेष रूढ झाले आहे. हौशी नट काय किंवा हौशी खेळाडू काय, ज्या गोष्टीवर आपला उदरनिर्वाह अवलंबून नाही तिच्यासाठी तो आपली फुरसत खर्च करतो. परंतु फुरसतीचा वेळ म्हणजे बेफिकिरीचा वेळ नव्हे. किंबहुना मोबदल्याची अपेक्षा नसल्यामुळे आपल्या हातून होणारी प्रगती हाच त्याचा एकमेव मोबदला असतो, आणि ती थांबली की त्याची निराशा व्यावसायिकाच्या निराशेहून कमी तीव्र नसते. गोल्फच्या इतिहासात तर सर्वोच्च मानल्या गेलेल्या पराक्रमांपैकी एक हौशी खेळाडूच्याच नावावर आहे. अमेरिकेचा बॉबी जोन्स याने १९३० साली ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांतील खुल्या आणि हौशी अशा चारही अजिंक्यपद स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या आणि हौशी म्हणूनच तो स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाला.

सामान्य हौशी खेळाडूची कथा मात्र वेगळी असते. प्रारंभीच्या एकदोन वर्षांत त्याचा खेळ झपाट्याने सुधारतो. पुढे तो एका पातळीवर येऊन थांबतो आणि सराव चालू असूनही तेथून हलत नाही. असे का व्हावे? सराव कमी पडतो म्हणून, की सरावाची रीतच सदोष असते म्हणून? या प्रश्नाचा विचार येथे रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. हा संदर्भ प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. गोल्फ भारतात फार पूर्वी आला. कलकत्त्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली गोल्फचे क्लब स्थापन झाले, तर चेंबूरच्या 'बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब'ची स्थापना १९२७ सालची आहे. परंतु भोगावतीच्या काठचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहे येथे हा खेळ रुजला नाही. रायगड जिल्ह्यात सिडकोने विकसित केलेले गोल्फचे मैदान आहे ते पनवेल तालुक्यातील खारघर येथे. पेणहून ते सुमारे ४० ते ४५ किलोमीटरांवर, आणि रोह्याहून जवळजवळ त्याच्या दुप्पट अंतरावर पडते. उलट कबड्डी हा या परिसराचा गावोगावचा खेळ. त्यामुळे येथील एखाद्या शिक्षकाला वा कारखान्यातील अभियंत्याला गोल्फची हौस लागली, तर त्याला आपला बहुतेक सराव मैदानापासून दूर आणि एकट्याने करावा लागतो. आणि त्याच्या घराशेजारीच एक वेगळी सरावपद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. या दोहोंची तुलना केली असता सरावाच्या प्रश्नाचे मर्म अधिक स्पष्ट होते.

२. बंदिस्त कौशल्य आणि खुले कौशल्य

इंग्रज मानसशास्त्रज्ञ पोल्टन याने १९५७ साली हालचालींच्या कौशल्यांचे दोन वर्ग कल्पिले : बंदिस्त आणि खुले. ज्या कौशल्यात परिस्थिती स्थिर असते आणि हालचाल केव्हा सुरू करावयाची हे कर्त्याच्या हाती असते, ते बंदिस्त कौशल्य. ज्यात परिस्थिती क्षणोक्षणी पालटते आणि कर्त्याला तिचा अंदाज घेऊन वागावे लागते, ते खुले कौशल्य.

गोल्फ हे बंदिस्त कौशल्याचे ठळक उदाहरण होय. ४६ ग्रॅमांहूनही थोडा कमी वजनाचा चेंडू जमिनीवर निश्चल असतो. तो मारण्यापासून कोणी अडवीत नाही. खेळाडूने हवा तेवढा विचार करून काठी उचलावी. कबड्डीत याच्या नेमके उलट घडते. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा मैदानाच्या अर्ध्या भागात चढाई करणाऱ्यासमोर सात प्रतिस्पर्धी उभे असतात. त्याला ३० सेकंदांच्या आत आणि एका दमात निदान रेषा ओलांडून, जमल्यास गडी टिपून परत यावे लागते. कोपऱ्यातील खेळाडू पुढे सरकला की मघाचा बेत निरुपयोगी ठरतो.

गोल्फ बंदिस्त आहे म्हणून तो सोपा असावा, हा तर्क मात्र अनुभवाला उतरत नाही. चेंडू स्थिर असला तरी जमीन स्थिर नसते. एक फटका चढावरून, दुसरा उतारावरून, तिसरा वाळूच्या खड्ड्यातून. वारा, गवताची लांबी आणि अंतर ही दर वेळी निराळी. नियमाप्रमाणे खेळाडूस जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात, आणि एकच काठी लागोपाठ दोनदा त्याच कामासाठी वापरण्याचा प्रसंग क्वचित येतो. म्हणजे गोल्फचा प्रत्येक फटका बंदिस्त असला, तरी फटक्यांची मालिका खुली असते. हौशी खेळाडूच्या सरावात नेमका हाच भेद हरवतो.

३. मोजमापाची देणगी

एका बाबतीत गोल्फ इतर बहुतेक खेळांहून भाग्यवान आहे. हौशी खेळाडूची पातळी मोजण्याचे सर्वमान्य साधन त्याच्याजवळ आहे. 'हँडिकॅप' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती २०२० सालापासून जगभर एकसूत्री करण्यात आली. प्रत्येक मैदानाला दोन अंक दिलेले असतात. उत्तम हौशी खेळाडूस तेथे किती फटके लागावेत हे पहिला अंक सांगतो. सामान्य खेळाडूस ते मैदान तुलनेने किती जड जाते हे दुसरा अंक सांगतो. दुसऱ्या अंकाची प्रमाण किंमत ११३ धरली आहे. खेळाडूच्या एकूण फटक्यांतून पहिला अंक वजा करावयाचा, बाकीला ११३ ने गुणावयाचे आणि दुसऱ्या अंकाने भागावयाचे. समजा, पहिला अंक ७१, दुसरा १२५ आणि खेळाडूचे फटके ९५ आहेत. बाकी २४ येते, आणि भागाकार सुमारे २१.७. अशा शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वोत्तम आठांची सरासरी म्हणजे त्याचा हँडिकॅप.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा अंक खेळाडूच्या सामान्य कामगिरीचा नसून त्याच्या चांगल्या कामगिरीचा निदर्शक आहे. वीसपैकी बारा फेऱ्या हिशेबातून गळतात, आणि साहजिकच त्याची सरासरी फेरी हँडिकॅपपेक्षा काही फटक्यांनी वाईट असते. हे न कळल्यामुळे अनेक हौशी खेळाडू प्रत्येक सामान्य फेरीला अधोगती समजतात, आणि एका वाईट दिवसाच्या आधारे चांगली पकड वा चांगली उभे राहण्याची ढब बदलून टाकतात. मोजमाप असणे पुरेसे नाही. त्याचा अर्थ समजणेही आवश्यक आहे.

४. फटके कोठे वाया जातात

एकूण अंक खेळाडू कोठे आहे ते सांगतो. तो तेथे का अडला आहे हे सांगत नाही. ही उणीव कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांच्या संशोधनाने बरीच भरून निघाली. त्यांची मूळ कल्पना साधी आहे. चेंडू कोणत्या ठिकाणाहून खळग्यात घालण्यास सरासरी किती फटके लागतात हे असंख्य नोंदींवरून ठरवावयाचे, आणि प्रत्येक फटक्याने ही सरासरी कितीने सुधारली वा बिघडली ते पाहावयाचे. उदाहरणार्थ, सुमारे आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडू जवळजवळ निम्म्या वेळा एका फटक्यात चेंडू खळग्यात घालतात. म्हणजे तेथून सरासरी दीड फटका लागतो. एका फटक्यात काम झाले तर अर्धा फटका कमावला. दोन लागले तर अर्धा गमावला.

या हिशेबातून एक रूढ समजूत डळमळीत झाली. हिरवळीवरील नाजूक फटक्यांवरच सामन्याचे भवितव्य ठरते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. ब्रॉडी यांना असे आढळले की, चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधील तफावतीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडून मारलेल्या लांब फटक्यांमुळे पडतो. ही गोष्ट व्यावसायिकांना लागू आहे, तशीच हौशींनाही लागू आहे.

पेण वा रोह्याच्या खेळाडूपुढील खरी अडचण येथे उभी राहते. अंगणात किंवा गच्चीवर चटई पसरून त्याला आठ फुटांचा सराव रोज करता येतो. पण ज्या लांब फटक्यांत त्याचे गुण जातात, त्यांचा सराव करण्यास जागा नसते. जाळी बांधून तो फटके मारू शकतो, परंतु चेंडू चार पावलांवर अडतो. तो डावीकडे वळला असता की उजवीकडे, हे कळत नाही. जे सुलभ आहे त्याचाच सराव होतो आणि जे आवश्यक आहे ते राहून जाते. शिवाय जून ते सप्टेंबर कोकणातील पाऊस मैदानावरील खेळही दुर्मिळ करून टाकतो. म्हणून मैदानावर जाण्याचा जो मोजका योग येतो, तो केवळ फेरी पूर्ण करण्यात न दवडता लांब फटक्यांची नोंद करण्यासाठी वापरणे हे त्याच्या दृष्टीने अधिक हिताचे होय.

५. सरावाचा क्रम

सराव-मैदानावरील हौशी खेळाडूचे चित्र सर्वत्र सारखेच दिसते. तो चेंडूंची टोपली घेतो, एक काठी निवडतो आणि एकाच लक्ष्याकडे पन्नास-साठ फटके मारतो. विसाव्या फटक्यापासून फटके उत्तम बसू लागतात आणि तो समाधानाने घरी जातो. पुढच्या रविवारी प्रत्यक्ष खेळात मात्र ते कौशल्य त्याला पारखे होते.

या कोड्याचा उलगडा शिया आणि मॉर्गन यांच्या १९७९ सालच्या प्रयोगात आढळतो. त्यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली दोन गटांना शिकविल्या. एका गटाने प्रथम पहिलीचा सर्व सराव पुरा केला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. दुसऱ्या गटाने तिन्हींची सरमिसळ केली. सराव चालू असता पहिला गट सरस ठरला. परंतु काही काळानंतर, आणि नव्या परिस्थितीत, परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ करणारा गट पुढे गेला. गुड आणि मॅगिल यांना १९८६ साली बॅडमिंटनच्या सर्व्हिसच्या बाबतीत असाच निष्कर्ष मिळाला. प्रयोगशाळेबाहेर हा परिणाम तितका ठळक आढळत नाही, आणि अगदी नवख्या माणसास प्रारंभी एकाच गोष्टीची पुनरावृत्ती उपयोगी पडते, हेही खरे. तथापि मूळ बोध कायम राहतो : सराव चालू असतानाची सफलता आणि शिक्षण या दोन भिन्न वस्तू आहेत.

याचे कारण असे दिले जाते की, तीच हालचाल पुन्हा करताना मनाला काही आठवावे लागत नाही. मागच्या प्रयत्नाची छाप ताजी असते. सरमिसळीत मात्र प्रत्येक वेळी नवी जुळणी करावी लागते, आणि हे कष्टच स्मरण दृढ करतात.

कबड्डीचा सराव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या जागेत वा देवळापुढील पटांगणात जेव्हा पोरे दोन तट पाडून खेळतात, तेव्हा चढाई करणाऱ्यास तीच चढाई दुसऱ्यांदा मिळत नाही. कधी समोर सात गडी, कधी तीन. कधी हात मारण्याची संधी, कधी केवळ लाथेची. कधी बोनस रेषा गाठावी, तर कधी लोण टाळण्यासाठी नुसता वेळ काढावा. खेळाच्या रचनेनेच सरावाची सरमिसळ करून ठेविली आहे. हे कोणी शास्त्र वाचून ठरविलेले नाही. प्रतिस्पर्धी समोर असला की पुनरावृत्ती अशक्य होते, एवढेच. गोल्फच्या खेळाडूला असा प्रतिस्पर्धी नसतो, म्हणून जी अडचण कबड्डीत आपोआप येते ती त्याने स्वतःहून निर्माण केली पाहिजे : दर फटक्याला काठी बदलावी, लक्ष्य बदलावे, आणि एखाद्या मैदानाचे अठराही टप्पे मनाशी कल्पून त्याच क्रमाने फटके मारावेत.

६. लक्ष कोठे असावे

काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन-हजारांशाएवढाच टिकतो, आणि काठी वरून खाली येण्यास पाव सेकंदाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. एवढ्या अवधीत चूक जाणवून ती दुरुस्त करणे मज्जासंस्थेला जवळजवळ अशक्य असते. साहजिकच फटका चालू असता खांदा, कोपर, मनगट यांना सूचना देत राहण्याचा हौशी खेळाडूचा प्रघात निष्फळ ठरतो.

गाब्रिएले वुल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली गोल्फच्या छोट्या फटक्यावर केलेल्या प्रयोगात, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्या नवशिक्यांपेक्षा काठीच्या झोक्याकडे लक्ष देणाऱ्यांची अचूकता अधिक भरली. बायलॉक आणि कार यांनी २००१ साली हिरवळीवरील फटक्यांचा अभ्यास करून दाखविले की, दडपणाखाली माणूस अंगवळणी पडलेल्या हालचालीचे पायरीपायरीने निरीक्षण करू लागतो, आणि त्यामुळेच ती बिघडते. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्याच्या तीन अवस्था वर्णिल्या होत्या : विचारपूर्वक करण्याची, जुळवून घेण्याची आणि सहजतेची. तिसऱ्या अवस्थेतील माणसाने पहिल्या अवस्थेत परत जाणे म्हणजे दडपणाखालील पडझड होय.

दम धरून आत शिरलेला चढाईपटू आपल्या पायाच्या ठेवणीचा विचार करीत नाही. त्याचे लक्ष समोरच्या कोपऱ्याकडे असते. येथेही खेळाची परिस्थितीच त्याचे लक्ष बाहेर वळविते. गोल्फमध्ये निश्चल चेंडूसमोर उभे राहिलेल्या माणसास मात्र विचार करण्यास नको तितका वेळ मिळतो.

७. तासांचा हिशेब

एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून हेतुपूर्वक केलेल्या सरावाचे महत्त्व प्रतिपादन केले. पुढे या प्रतिपादनाचे 'दहा हजार तास' असे सुटसुटीत सूत्र लोकप्रिय झाले. त्या सूत्राची कसोटी गोल्फमध्ये एका हौशी माणसाने स्वतःवर घेतली. अमेरिकेतील पोर्टलंडचा छायाचित्रकार डॅन मॅक्लॉफ्लिन याने २०१० साली, वयाच्या तिशीत, नोकरी सोडून गोल्फचा सराव आरंभिला. त्यापूर्वी तो हा खेळ खेळला नव्हता म्हटले तरी चालेल. खळग्यापासून अगदी जवळ प्रारंभ करून तो हळूहळू मागे सरकत गेला. त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला. हौशी खेळाडूंमध्ये ही पातळी फार थोड्यांना लाभते. परंतु सुमारे सहा हजार तासांनंतर, २०१५ साली, पाठीच्या दुखण्याने त्याचा उपक्रम थांबला.

या उदाहरणाचे दोन अर्थ संभवतात, आणि दोन्ही ग्राह्य आहेत. प्रौढ वयात आरंभ करूनही नियोजनपूर्वक सराव माणसाला दूरवर नेतो, हा पहिला. शरीर हेही हिशेबातील एक पद आहे, आणि तास वाढविण्याला त्याची मर्यादा पडते, हा दुसरा. मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी २०१४ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा खेळांतील कामगिरीच्या तफावतीपैकी सुमारे १८ टक्के तफावतच अशा सरावाने स्पष्ट होते असे दिसले. सराव व्यर्थ आहे असा याचा अर्थ नव्हे. केवळ तासांची बेरीज पुरेशी नाही, एवढाच आहे.

८. दोन खेळांची देवघेव

आठवड्यातून चार-पाच तास मिळणाऱ्या पेणच्या वा रोह्याच्या खेळाडूने आता काय करावे? घरी चटईवरचा सराव त्याने एकाच अंतरावरून न करता प्रत्येक फटक्यास अंतर बदलून करावा. जाळीपुढे काठ्यांची सरमिसळ करावी. चेंडूचा मार्ग दिसत नसल्याने तेथे दिशेची खात्री मिळणार नाही हे ओळखून, चेंडू काठीच्या मध्यावर बसला की नाही एवढेच पाहावे. प्रत्येक फटक्यानंतर सल्ला मिळाला नाही तरी बिघडत नाही. साल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ साली दाखविल्याप्रमाणे सततच्या सूचनांची सवय झाली तर त्या थांबताच कौशल्यही ढासळते. मैदानावर गेल्यावर मात्र प्रत्येक फटका कोठून मारला आणि कोठे पडला हे वहीत टिपावे. वीस फेऱ्या भरण्यास त्याला वर्षाहून अधिक काळ लागेल. तोवर एका फेरीवरून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा.

देवघेव एकाच बाजूची नाही. कबड्डीजवळ जिवंत सराव आहे, पण गावच्या हौशी खेळाडूजवळ हँडिकॅपसारखे मोजमाप नाही. एशियाडमध्ये १९९० साली प्रवेश मिळाल्यानंतर आणि २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाल्यानंतर वरच्या पातळीवर प्रत्येक चढाईची नोंद होऊ लागली. गावच्या संघात मात्र चांगली पकड लोकांच्या स्मरणात राहते आणि फुकट गेलेल्या दहा चढाया विसरल्या जातात. समोर किती गडी होते, चढाई कोणत्या बाजूने केली, हात वापरला की पाय, आणि फळ काय मिळाले, एवढ्या चार गोष्टी एका हंगामभर वहीत उतरविल्या, तर कोणता खेळाडू कोठे गुण गमावतो हे ब्रॉडी यांच्याच रीतीने ताडून पाहता येईल. त्यासाठी पेन्सिल, वही आणि सीमारेषेबाहेर बसलेला एक राखीव खेळाडू पुरेसा आहे. शारीरिक शिक्षण आणि मानसशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे प्रबंधाचा एक चांगला विषय उपलब्ध आहे.

सारांश, हौशी खेळाडूची प्रगती थांबते ती बहुधा त्याच्या निष्ठेच्या अभावी नव्हे. त्याचा सराव खेळासारखा नसतो, किंवा त्याचा खेळ मोजलेला नसतो, आणि कित्येकदा या दोन्ही उणिवा एकत्र असतात. गोल्फने मोजण्याची शिस्त दिली, पण खेळाडूला एकटे सोडले. कबड्डीने प्रतिस्पर्धी दिला, पण नोंद ठेवली नाही. ज्याची फुरसत थोडी आहे त्याला या दोहोंपैकी एकावर भागविणे परवडत नाही. थोड्या तासांत अधिक शिकावयाचे, तर सराव अवघड करावा आणि त्याचे फळ लिहून ठेवावे; आपल्या हौसेला न्याय देण्याचा याहून खात्रीचा मार्ग आजवरच्या संशोधनातून पुढे आलेला नाही.